बाप्तिस्म्याचे शब्द आणि त्यांचा अधिकार

धर्मविधींतील शब्दांना स्वतःचें असें कांहीं बळ आहे काय, आणि असल्यास तें उच्चारांत आहे, अर्थांत आहे, कीं उच्चारणाऱ्याच्या हेतूंत आहे, हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. एक स्वर चुकल्यामुळें यज्ञाचें फळ यजमानावरच उलटल्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों आहों. आणि वेदोक्त व पुराणोक्त या दोन शब्दांवरून एका संस्थानांत केवढें वादळ उठलें, हेंही आपल्या स्मरणांत आहे. शब्दांचें महत्त्व आपणांस कोणी पटवून देण्याची जरूर नाहीं. जरूर आहे ती हाच प्रश्न शेजाऱ्याच्या घरांत उभा राहिला असतां त्याकडे कुतूहलानें आणि आदरानें पाहण्याची. ख्रिस्ती धर्मांतील प्रवेशसंस्कार जो बाप्तिस्मा, त्याच्या शब्दांविषयीं गेल्या कांहीं वर्षांत झालेला वाद हा पाद्र्यांचा घरगुती वाद आहे असें समजून तो सोडून देणें सोपें आहे. परंतु त्या वादाचे धागे मराठी बायबल, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यापर्यंत पोंचतात. म्हणून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकानें त्याचा विचार करणें अवश्य आहे.

१

बाप्तिस्म्याचा विधि दिसावयास अगदीं साधा आहे. पाणी, आणि पाण्याबरोबर उच्चारावयाचें एक वाक्य. पश्चिमेकडील मंडळ्यांत विधि करणारा प्रथमपुरुषी एकवचनांत बोलतो, समोरच्या व्यक्तीला 'तुला' म्हणून संबोधितो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हीं तीन नांवें घेतो. एवढें झालें कीं संस्कार पुरा झाला. कॅथोलिक पंथाच्या शिकवणुकीप्रमाणें तो जन्मांत एकदांच होतो आणि पुढील सर्व संस्कार त्याच्यावरच उभे राहतात. पायांतली एक वीट खोटी निघाली तर वरच्या मजल्यांचें काय, हा प्रश्न मग ओघानेंच येतो.

तो प्रश्न २०२० सालीं खरोखरीच उभा राहिला. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यांत रोमच्या धर्मसिद्धान्त-मंडळानें असा निर्णय प्रसिद्ध केला कीं, विधि करणाऱ्यानें 'मी' या शब्दाऐवजीं 'आम्ही' म्हटलें असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत एका तरुण धर्मगुरूला १९९० मधील आपल्या बालपणच्या संस्काराचें चित्रमुद्रण पाहतां असें आढळलें होतें कीं, विधि चालविणाऱ्या सेवकानें 'आम्ही' असाच शब्द वापरला होता. या तरुणास २०१७ सालीं गुरुदीक्षा मिळाली होती. बाप्तिस्माच नाहीं म्हटल्यावर दीक्षाही नाहीं. त्याला सर्व संस्कार मुळापासून घ्यावे लागले. आणि मधल्या तीन वर्षांत ज्यांचीं लग्नें त्यानें लाविलीं होतीं, ज्यांचे पापांगीकार त्यानें ऐकले होते, त्यांच्या मनांत नसती शंका उत्पन्न झाली. पुढें २०२२ च्या आरंभीं ॲरिझोना प्रांतांतील फिनिक्स येथें असेंच दुसरें प्रकरण उघडकीस आलें. तेथील एक धर्मगुरु अनेक वर्षें 'आम्ही' म्हणत आला होता. त्यामुळें हजारों माणसांचा बाप्तिस्मा निरर्थक ठरला आणि त्या गृहस्थास आपल्या मंडळीच्या पालकपदाचा राजीनामा द्यावा लागला.

हें वाचून कोणाही समंजस माणसाच्या तोंडून प्रथम हेंच निघेल कीं, एका सर्वनामासाठीं केवढा हा अनर्थ! 'आम्ही' म्हणणाऱ्याचा हेतु वाईट नव्हता. आईबाप, आप्तेष्ट आणि जमलेली मंडळी या सर्वांचा त्या संस्कारांत वाटा आहे हें त्यास सुचवावयाचें होतें. आपल्याकडील एखाद्या उपाध्यायानें यजमानाच्या गोतावळ्याला संकल्पांत सामील करून घ्यावें, इतकीच ती गोष्ट. परंतु प्रथम मनांत येतें तेंच अखेरचें मत धरूं नये. रोमच्या मंडळाचें म्हणणें काय आहे तें आधीं नीट ऐकून घेतलें पाहिजे.

२

तें म्हणणें थोडक्यांत असें. विधि करणारा जो 'मी' म्हणतो तो त्याचा स्वतःचा 'मी' नव्हे. माणूस पाणी घालतो. बाप्तिस्मा ख्रिस्त देतो. सेंट ऑगस्टिनानें ही भूमिका डोनाटपंथीयांशीं झालेल्या वादांत मांडली आणि १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींच्या आपल्या लेखांत ती पुन्हां उच्चारली. डोनाटपंथीय म्हणत कीं, छळाच्या वेळीं धर्मग्रंथ शत्रूच्या हवालीं करणाऱ्या भित्र्या गुरूच्या हातचा संस्कार फुकट होय. ऑगस्टिनाचें उत्तर असें कीं, देणारा गुरु नव्हेच, म्हणून गुरूच्या पापानें देणगी नासत नाहीं. आतां हाच न्याय उलट बाजूनें लावून पाहावा. देणारा गुरु नसेल तर देणारे आईबाप, आप्त व मंडळी हेही नव्हेत. 'आम्ही' म्हणतांच जमलेला समुदाय दात्याच्या आसनावर जाऊन बसतो. रोमचा आक्षेप व्याकरणाला नाहीं. आसन बळकावण्याला आहे.

हा आक्षेप व्याकरणाचा नाहीं याला एक उत्तम पुरावा आहे. पूर्वेकडील ग्रीक परंपरेच्या मंडळ्यांत या वाक्यांत 'मी' मुळींच नाहीं. तेथें कर्मणि प्रयोग आहे: देवाच्या या सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे, अशा धर्तीचा. करणारा कोण हें वाक्य सांगतच नाहीं. तरी रोमनें त्या संस्काराची सत्यता मान्य केलेली आहे आणि फ्लॉरेन्सच्या परिषदेंत १४३९ सालीं तसें स्पष्ट नमूदही झालें आहे. म्हणजे 'मी' हा शब्द जादूचा नव्हे. तो गाळला तरी चालतो. चालत नाहीं तें त्याच्या जागीं दुसऱ्या कर्त्याला आणून बसविणें. मराठी व्याकरणकारांना कर्तरि व कर्मणि या प्रयोगांचा भेद शिकवावयास नको. परंतु त्या भेदावर एवढा मोठा सिद्धान्त उभा असल्याचें उदाहरण विरळा.

याहूनही बोलकें उदाहरण आठव्या शतकांतलें आहे. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत एका पुरोहिताला लॅटिन धड येत नसे. तो बाप्तिस्म्याच्या वाक्यांतील विभक्तिप्रत्यय असे चुकवी कीं, लॅटिन जाणणाऱ्यास 'पिता' याच्या जागीं 'मायभूमि' आणि 'पुत्र' याच्या जागीं 'कन्या' ऐकूं यावी! सेंट बोनिफेस हा कडक शिस्तीचा धर्मप्रसारक. त्यानें तसल्या सर्वांचा बाप्तिस्मा पुन्हां करण्याचा हुकूम दिला. गाऱ्हाणें रोमला गेलें, आणि पोप झकारियस यानें ७४६ सालीं बोनिफेसास उत्तर लिहिलें कीं, त्या पुरोहितानें पाखंड म्हणून नव्हे तर केवळ भाषेच्या अज्ञानामुळें हे शब्द मोडले असतील, तर पुन्हां बाप्तिस्मा देण्याचें कारण नाहीं.

हीं दोन उदाहरणें शेजारीं ठेविलीं म्हणजे एक कसोटी हातीं लागते. अडाणी पुरोहितानें शब्द मोडले, पण परंपरेनें जें सांगितलें तेंच सांगण्याची त्याची इच्छा होती. अमेरिकेंतील सुशिक्षित पुरोहिताचा उच्चार शुद्ध होता, पण परंपरेनें सांगितलें त्याहून कांहीं चांगलें सांगावें अशी त्याची इच्छा होती. चूक क्षम्य ठरते. सुधारणा क्षम्य ठरत नाहीं. २००८ सालीं रोमनें आणखी एक निर्णय दिला होता: पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याऐवजीं निर्माता, उद्धारक व पावनकर्ता अशीं नांवें घेऊन दिलेला बाप्तिस्मा रद्दबातल होय. कारण हींं केवळ कार्यवाचक विशेषणें आहेत, नांवें नव्हेत. हांक मारावयाची तर नांवानें मारली पाहिजे; हुद्द्यानें मारलेली हांक आप्तसंबंधाची नव्हे. ही कसोटी निष्ठुर भासली तरी तिच्यांत विचार आहे, हें कबूल करणें प्राप्त आहे.

३

आमच्या शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा खल किती बारकाईनें केला होता हें पाहिलें म्हणजे या वादाचें नवल वाटेनासें होतें. त्वष्ट्यानें इंद्राचा घात करणारा पुत्र मागितला. 'इंद्रशत्रु' या समासांतील स्वर चुकला आणि 'इंद्राला मारणारा' याऐवजीं 'इंद्र ज्याला मारील तो' असा अर्थ निष्पन्न झाला. पतंजलीनें व्याकरण शिकण्याच्या प्रयोजनांत या कथेचा दाखला घेतला आहे. झकारियसाच्या न्यायासनापुढें त्वष्टा उभा राहता तर त्याचा यज्ञ बहुधा वांचला असता, कारण त्याचा हेतु स्पष्ट होता. आमच्या कथेंतील शब्द मात्र हेतूकडे पाहत नाहीं.

परंतु ही झाली कथा. मीमांसकांचा विचार याहून समतोल आहे. एका यागाचा मंत्र दुसऱ्या यागांत घ्यावयाचा आणि तेथें देवता निराळी असली, तर मंत्रांतील देवतेचें नांव बदलावें काय? बदलावें, असें ते म्हणतात. या बदलास त्यांनीं 'ऊह' असें नांव दिलें, आणि जैमिनीच्या सूत्रांचा नववा अध्याय या ऊहालाच वाहिलेला आहे. पण हा बदल नियमानें बांधलेला आहे. यजमानाची हौस किंवा ऋत्विजाची सुरुचि हें ऊहाचें कारण होऊं शकत नाहीं. उलट, मंत्रांना अर्थच नाहीं असें म्हणणाऱ्या कौत्साचें मत यास्कानें निरुक्तांत मांडून त्याचें खंडन केलें आहे. शब्द अर्थवान् आहेत, आणि तरीही ते वाटेल त्यानें वाटेल तसे बदलावयाचे नाहींत; या दोन गोष्टी एका वेळीं खऱ्या असूं शकतात, हें आमच्या पूर्वसूरींना समजलें होतें.

मात्र शब्दांच्या आग्रहाची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हें विवेचन एकांगी होईल. कोल्हापुरास १८९९ च्या कार्तिक महिन्यांत पंचगंगेवर शाहू छत्रपतींचें स्नान चाललें असतां पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हणत आहे असें लक्षांत आलें, आणि त्यांतून वेदोक्ताचा प्रचंड वाद निघाला. तेथेंही पाणी होतें आणि पाण्याबरोबरचे शब्द होते. पण पुराणोक्त शब्दांनीं स्नानाचें पुण्य कमी होतें काय, हा त्या वादाचा विषय नव्हता. कोणाला कोणते शब्द ऐकण्याचा अधिकार, हा विषय होता. शब्द तेथें माणसाची पायरी दाखविण्याचें साधन झाले होते. त्याआधीं एक पिढी, १८७३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढून पुरोहितावांचून आणि वधूवरांस समजेल अशा मराठींत विवाह लावण्याचा प्रघात पाडला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या त्यांनीं स्वतः, सर्वांना कळेल अशा मराठींत रचल्या होत्या. तेथें 'मी' म्हणणारा पुरोहित नाहीं. प्रतिज्ञा घेणारा प्रत्येक माणूस स्वतः 'मी' म्हणतो. बाप्तिस्म्यांतील 'मी' देणाऱ्याचा आहे, नागपूरच्या दीक्षेंतील 'मी' घेणाऱ्याचा आहे. दोन धर्मकल्पनांतील सगळें अंतर या दोन सर्वनामांत मावतें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

४

आतां मराठीकडे वळूं. नेमके शब्द पाहिजेत असें म्हटल्यावर पुढचा प्रश्न हा कीं, कोणत्या भाषेंतले नेमके शब्द? ग्रीकांतील मूळ धातूचा अर्थ 'बुडविणें' असा आहे. लॅटिननें तो शब्द जसाच्या तसा उचलला आणि १६११ च्या इंग्रजी बायबलनेंही तेंच केलें. जर्मन भाषेनें मात्र आपला घरचा शब्द वापरला. त्याचें नातें 'खोल' या अर्थाच्या शब्दाशीं आहे. हिंदुस्थानांत हा प्रश्न फार लौकर चव्हाट्यावर आला. बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा असें मानणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाच्या भाषांतरकारांनीं बंगालींत 'बुडविणें' या अर्थाचा शब्द घातला. कलकत्त्याच्या बायबल सोसायटीनें अशा भाषांतरास मदत नाकारली, कारण डोक्यावर पाणी शिंपडणाऱ्या पंथांना त्यामुळें आपलाच ग्रंथ आपल्याविरुद्ध साक्ष देतो असें वाटलें असतें. या एका शब्दावरून १८३६ च्या सुमारास अमेरिकेंतील बॅप्टिस्टांनीं आपली निराळी बायबल सोसायटी काढली आणि १८४० सालीं लंडनमध्यें भाषांतरासाठीं निराळी संस्था निघाली. शब्दाचें भाषांतर केलें तर पंथ फुटतात, न केलें तर अर्थ कळत नाहीं, असा हा पेंच होता.

मराठीनें या पेंचांतून अनुच्चारित तडजोडीचा मार्ग काढला. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मराठी मत्तय १८०५ सालीं आणि नवा करार १८११ सालीं निघाला. पुढें मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२६ सालीं आपला नवा करार प्रसिद्ध केला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अखेर रूढ झाला तो 'बाप्तिस्मा' हाच ग्रीक शब्द. वसईकडील कॅथोलिक समाजांत 'स्नानसंस्कार' हा शब्द चालतो, आणि तामिळनाडूंत त्याच जातीचा 'ज्ञानस्नान' हा शब्द रूढ आहे. गोव्यांतील कोंकणी कॅथोलिकांत तिसऱ्या नांवाचें पोर्तुगीज रूप, 'इस्पिरित सांत', पिढ्यान्‌पिढ्या चाललें आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्याची जागा 'पवित्र आत्मो' या शब्दांनीं घेतली. जुन्या शब्दांनीं बाप्तिस्मा झालेल्या आजीच्या आणि नव्या शब्दांनीं झालेल्या नातवाच्या संस्कारांत रोमला कांहींच फरक दिसत नाहीं. म्हणजे नेमकेपणा ध्वनींत नाहीं हें येथें पुन्हां सिद्ध झालें. तो संकेतांत आहे, आणि संकेत ठरविण्याचा अधिकार एकट्यादुकट्याचा नाहीं.

'बाप्तिस्मा' कीं 'स्नानसंस्कार', यांत वाङ्मयाच्या दृष्टीनें उजवें कोणतें? 'स्नानसंस्कार' हा शब्द मराठी कानाला गोड आहे आणि सोळा संस्कारांच्या पंक्तींत तो निमूटपणें जाऊन बसतो. पण त्याचा गुण तोच त्याचा दोष आहे. स्नान आपल्याकडे रोजचें आणि पर्वकाळाचें. तें पुन्हांपुन्हां करावयाचें असतें. बाप्तिस्मा एकदांच होतो. 'बाप्तिस्मा' हा शब्द उपरा आहे, जिभेला जड आहे. मात्र तो ऐकतांच हें कांहीं निराळें आहे हें कळतें. आमच्या धुळ्यांत आयुष्याचे शेवटचे दिवस ज्यांनीं शब्दांच्या व्युत्पत्तींत घालविले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं शब्द हा इतिहासाचा साक्षीदार आहे हें आम्हांस शिकविलें. त्या न्यायानें पाहतां 'बाप्तिस्मा' हा शब्द मराठींत परका म्हणून आला त्याच वेळीं त्याला स्वीकारणारा माणूसही आपल्या जातीला परका झाला, हा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास त्या शब्दाच्या खडबडीतपणांत सांठविलेला आहे. बाबा पदमनजींनीं बेळगांवीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्याचा अर्थ घरदार सुटणें असा होता. गुळगुळीत शब्दानें ती किंमत झांकली गेली असती.

ही किंमत आजही संपलेली नाहीं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें ख्रिस्ती व्यक्तीस अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाहीं; २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या अशा एका प्रकरणांत अर्जदार स्त्रीच्या बाल्यावस्थेंतील बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यांत आली आणि तिला दाखला मिळाला नाहीं. धर्मपीठ सर्वनाम तपासतें, न्यायालय नोंदवही तपासतें. दोन्ही ठिकाणीं अर्भकाला कोणी विचारलेलें नसतें.

५

मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत या प्रश्नाला ज्यांनीं आपल्या जीवनानें उत्तर दिलें अशीं तीन माणसें आहेत, आणि तिघांचीं उत्तरें तीन प्रकारचीं आहेत.

पहिल्या पंडिता रमाबाई. इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांचा व त्यांच्या कन्येचा बाप्तिस्मा झाला. अर्थात् तो त्रैक्याच्याच नांवानें झाला. परंतु पुढील दोन वर्षांतील त्यांचा पत्रव्यवहार, जो १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, वाचतांना दिसतें कीं, त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांच्या मनांत मोठें वादळ चालू होतें, आणि धर्मगुरूंच्या मुखांतून पडणारा प्रत्येक शब्द आपण मान्य केलाच पाहिजे असें त्यांना मुळींच वाटत नव्हतें. त्यांना मिळालेल्या क्रुसावर लॅटिन शब्द कां, संस्कृत कां नकोत, असा प्रश्न त्यांनीं विचारला. आपल्याला व आपल्या देशभगिनींना लॅटिन कळत नाहीं, मग तिचें पावित्र्य तें काय! बारकाईनें पाहिलें तर यांत विसंगति नाहीं. संस्काराचे शब्द त्यांनीं स्वीकारले. त्या शब्दांचा अर्थ दुसऱ्यानें आपल्यासाठीं ठरवून द्यावा हें मात्र नाकारलें. पुढें त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून अख्खें बायबल मराठींत आणलें; तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं निघालें. संस्कृताची ही पंडिता संस्कृत वळणाचे शब्द टाकून बायाबापड्यांना समजेल अशी मराठी लिहूं लागली. त्या मराठीस वाङ्मयीन डौल नाहीं असें म्हणणारे म्हणोत. ज्या स्त्रीनें अनेक भाषांचें वैभव पाहिलें तिनें बुद्ध्या पत्करलेलें तें दारिद्र्य आहे.

दुसरे रेव्हरंड टिळक. मुंबईस १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें अधिक धाडसाचें पाऊल बावीस वर्षांनंतरचें आहे. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. म्हणजे शब्द उच्चारले गेलेच नाहींत तरी भक्ताचें स्थान जात नाहीं, असें टिळकांचें मत. त्यांच्या टीकाकारांचें म्हणणें असें कीं, यानें बाप्तिस्मा व्यर्थ ठरतो. मला तो आक्षेप पटत नाहीं. टिळकांनीं आपला बाप्तिस्मा कधीं नाकारला नाहीं. मात्र दुसरा एक आक्षेप टाळतां येत नाहीं. दरबाराला दार लागतें. ज्या समाजांत प्रवेशाचा कांहीं एक ठरलेला शब्द नाहीं, तो त्याच्या संस्थापकाच्या व्यक्तित्वावर उभा असतो. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले आणि त्यांच्यामागें दरबारानें मूळ धरलें नाहीं. चर्च टिकलें, कारण त्याचे शब्द कोणा एकाचे नव्हते. कवीचें हृदय आणि संस्थेचें व्याकरण यांतला हा विरोध आहे, आणि यांत कवि हरला म्हणून कवि चुकला असें होत नाहीं.

तिसऱ्या लक्ष्मीबाई. पतीनें धर्म बदलला तेव्हां त्यांनीं बदलला नाहीं. त्यांचा बाप्तिस्मा कांहीं वर्षांनीं झाला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त तो प्रवास त्यांनीं ज्या पद्धतीनें सांगितला आहे त्यांत सिद्धान्ताची भाषा जवळजवळ नाहीं. आधीं जातिभेदाची कल्पना मनांतून गळून पडली, पंक्तिभेद गेला, आणि संस्कार त्यामागून आला. शब्द उच्चारले जाण्यापूर्वींच त्यांचें काम होऊन गेलें होतें. आणखी एक गोष्ट लक्ष्मीबाईंनीं नकळत केली. 'बाप्तिस्मा' या उपऱ्या शब्दाला त्यांनीं चुलीपाशीं आणून बसविलें. ज्या 'पाद्री मराठी'ची आपण थट्टा करीत आलों, तिच्यांतला हा शब्द त्यांच्या पुस्तकांत शेजारणीच्या बोलण्यासारखा येतो आणि वाचक अडखळत नाहीं. समित्यांना जें शतकभर साधलें नाहीं तें एका फारसें शाळेंत न गेलेल्या बाईच्या विनोदी, प्रांजळ लेखणीनें साधलें. शब्दाला देशी करावयाचें तें भाषांतर करून नव्हे, त्याच्याबरोबर राहून.

६

एकंदर विचाराचें फलित काय? संस्काराचे शब्द नेमके असावेत, हें मला मान्य आहे. त्याचें कारण त्यांत कांहीं गूढ शक्ति आहे हें नव्हे. ते नेमके असले म्हणजे विधि करणाऱ्याच्या लहरीपासून घेणाऱ्याचें रक्षण होतें. गरीब, अडाणी, परगांवचा कोणीही माणूस पाण्यापाशीं आला तरी त्याला तेंच मिळेल जें राजाला मिळतें, ही हमी ठरलेल्या शब्दांत आहे. पंचगंगेवर हीच हमी मोडली होती. या दृष्टीनें ठरीव शब्द हे समतेचे शब्द आहेत.

पण रक्षणासाठीं घातलेलें कुंपण आंतल्याच माणसाला बोचूं लागलें, तर कुंपण घालणाऱ्यानें विचार केला पाहिजे. फिनिक्सच्या हजारों निरपराध माणसांनीं काय चूक केली होती? शब्द बदलला तो पुरोहितानें, शिक्षा झाली त्यांना. रोमच्या बाजूनें इतकें सांगितलें पाहिजे कीं, देवानें तारणाची सांगड बाप्तिस्म्याशीं घातली असली तरी तो स्वतः आपल्या संस्कारांनीं बांधलेला नाहीं, असें त्या पंथाची धर्मशिक्षेची पोथीच सांगते. हें एक वाक्य त्या सर्व निर्णयांच्या डोक्यावर लिहून ठेवावें असें आहे. झकारियसानें बव्हेरियांतील शेतकऱ्यांना पुन्हां पाण्यांत उतरविलें नाहीं, यांत कायद्याचें ज्ञान होतें तितकीच माणसांची कींव होती. आजच्या धर्मपीठानें कायदा राखला; तें करतांना कींवेचा सूर थोडा अधिक मोठ्यानें ऐकूं आला असता तर बरें झालें असतें.

आणि नेमकेपणाला समजण्याची जोड हवी. आमच्या खानदेशांत नवापूर-नंदुरबारकडे मावची व भिल्ल ख्रिस्ती मंडळ्या आहेत. तेथील पुष्कळांच्या घरची बोली मराठी नव्हे. ज्या मराठीला आपण लोकभाषा म्हणतों ती त्यांच्या कानाला तितकीच पुस्तकी आहे जितकी रमाबाईंच्या कानाला लॅटिन होती. त्यांच्या मुलांच्या मस्तकावर पाणी पडतांना उच्चारला जाणारा शब्द त्यांच्या आयांना कळला पाहिजे. तो शब्द ठरविण्याचा अधिकार मंडळीचा असो. पण ठरवितांना त्या आईला विचारावें. शब्द शुद्ध उच्चारला गेला कीं नाहीं हें गुरूनें पाहावें. तो पोंचला कीं नाहीं हें तीच सांगूं शकेल.